वरचा ट्रे करपतो, खालचा ओला राहतो: ड्रायरमधला वारा जातो कुठे?

श्रावणात मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे एकाच तक्रारीचे असतात. "वरच्या ट्रेतले गर करपतत आणि खालच्यांची साल सुटना नाय. हीटर वाढवू काय?"

सावंतवाडी ते लांजा या पट्ट्यातल्या काजू युनिटांचे ड्रायर दुरुस्त करणं हे माझं काम. माझं उत्तर ठरलेलं आहे: हीटरला हात लावू नका, मी येईपर्यंत कुठला ट्रे करपतो आणि कुठला ओला राहतो एवढं लिहून ठेवा. समोरच्याला ते टाळाटाळीचं वाटतं. पण गेल्या कित्येक पावसाळ्यांत उष्णता कमी पडली म्हणून बिघडलेले ड्रायर मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. बाकी सगळीकडे उष्णता होती, वारा नको तिथून चालला होता.

ज्यांनी काजूचं युनिट आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बी वाफेवर शिजवतात, थंड करतात, मग कटिंगला घेतात. फोडल्यावर गर निघतो तो तांबूस सालीसकट आणि जरा ओलसर. ती साल सोलायची तर गर सुकून थोडा आकसावा लागतो, म्हणजे साल सुटी होते. त्यासाठी गर ट्रेमध्ये पसरून ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या गरम हवेत ६ ते ८ तास ठेवतात. या कपाटाला कुणी ड्रायर म्हणतं, कुणी बोर्मा. आत पंखा हवा फिरवतो, ती हीटरवरून जाते, एका बाजूच्या भोकांच्या पत्र्यातून ट्रेंवर येते, दुसऱ्या बाजूने परत पंख्याकडे वळते. फेरीगणिक थोडी हवा एक्झॉस्टमधून बाहेर जाते आणि तेवढीच ताजी आत येते. बस, एवढंच यंत्र आहे.

आणि पैसे या एवढ्याशा यंत्रात अडकलेले असतात. डब्ल्यू ३२० ग्रेड म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. तोच गर करपून तांबूस झाला की आकार तसाच असूनही ग्रेड खाली. ओला राहिला तर साल चिकटून बसते, सोलणारी बाई सुरी लावते आणि अख्ख्याची पाकळी किंवा तुकडा होतो.

आता एक हिशेब करू. १०० किलो गर ९ टक्के ओलाव्यावरून ३ टक्क्यांवर आणायचे. पाणी किती जातं? सुमारे ६ लिटर. कळशीसुद्धा भरणार नाही. एवढ्या पाण्याची वाफ करायला विजेच्या भाषेत साधारण ४ युनिट लागतात. गर तापवायला आणखी २ धरा. १२ किलोवॉटचा हीटर ही सगळी उष्णता अर्ध्या तासात देऊन मोकळा होतो. मग ६ तास कशाला? एक तर गराच्या पोटातलं पाणी हळूहळूच पृष्ठभागावर येतं, त्याला घाई चालत नाही. आणि दुसरं, पृष्ठभागावर आलेलं पाणी कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ते काम हवेचं. हीटर फक्त हवेला तयार करतो, हमाली हवाच करते.

हवा कमी झाली की काय होतं ते बघा. समजा, १२ किलोवॉटचा हीटर चालू आहे आणि त्याच्यावरून सेकंदाला १ घनमीटर हवा जाते. ती हवा सुमारे ११-१२ अंशांनी तापते. काही कारणाने हवा निम्मी झाली, हीटर तसाच चालू राहिला, तर तीच हवा २३ अंशांनी तापेल. म्हणजे हीटरजवळच्या ट्रेंवर भट्टीसारखी झळ, आणि पलीकडे पोचेपर्यंत ती थोडीशी हवा थंड आणि ओली. थर्मोस्टॅटचा सेन्सर परतीच्या बाजूला असेल तर तो म्हणतो "अजून तापव", पुढचे ट्रे करपतात. सेन्सर हीटरच्या तोंडाशी असेल तर तो म्हणतो "झालं, बंद कर", मागचे ट्रे ओले राहतात. दोन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात, मूळ एकच. आणि अशा वेळी तापमान वाढवलं की पहिल्या तक्रारीत आणखी गर करपतात.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. ४८ ट्रेचा ड्रायर असेल तर दोन ट्रॉल्या, प्रत्येकीत २४. दारावर खडूने चौकटी आखायच्या आणि बॅच काढताना प्रत्येक चौकटीत एक अक्षर लिहायचं: क म्हणजे करपलेला, ओ म्हणजे ओला, ब म्हणजे बरा. पाच मिनिटांचं काम आहे, पण युनिटवाले ते करत नाहीत. "सगळंच बिघडलं" असं सांगतात. सगळंच कधी बिघडत नाही. सगळे ट्रे सारखेच ओले राहिले आणि नुसता वेळ वाढला, तर पंखा किंवा एक्झॉस्ट बघायचा. एकाच ट्रॉलीत घोळ असेल तर त्या बाजूचा पंखा. वर क आणि खाली ओ, किंवा पुढे क आणि मागे ओ, तर वाटणीचा दोष. आणि कडेचा एकच ट्रे दरवेळी ओला राहत असेल तर दाराचं रबर गेलेलं असतं, तिथे फार डोकं लावायचं नाही.

सोलणाऱ्या बायकांना हा नकाशा तोंडपाठ असतो, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांच्या हातात गर येतो. एका युनिटात मी थर्मामीटर काढेपर्यंत एका मावशीने सांगून टाकलं, "भिंतीकडच्या ट्रॉलीतलो खालचो माल माका देव नकात." माझ्या मोजमापातून तेच निघालं, फक्त दीड तासाने.

नकाशा झाल्यावर वारा डोळ्यांनी बघायचा. दार उघडून बघण्यात अर्थ नाही, दार उघडलं की हवेची वाटच बदलते. मी असं करतो: हीटरचा एमसीबी पाडायचा, ड्रायर पूर्ण थंड होऊ द्यायचा. ट्रेंच्या कडांना वीतभर शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे बांधायचे. मोबाईलची बॅटरी लावून, व्हिडिओ चालू करून तो आत उभा करायचा, दार लावायचं, नुसता पंखा दोन मिनिटं चालवायचा. मग बाहेर चहा घेत तो व्हिडिओ बघायचा. कुठला दोरा आडवा ताणलाय, कुठला नुसता लोंबतोय, कुठला चक्क उलटा पंख्याकडे वळलाय, सगळं दिसतं. मालकाला समजावायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. (हीटर चालू ठेवून हा प्रयोग करू नका. एकाने केला. मोबाईल नवा होता.)

दोरे सगळीकडेच मरगळलेले दिसले तर आधी पंखा. इथे एक फसवी गोष्ट आहे आणि ती चांगल्या चांगल्या वायरमनना चकवते. थ्री फेज मोटारीच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते. भिंतीतला पाती असलेला पंखा उलटा फिरला तर वारा उलट दिशेने येतो, ते लगेच कळतं. पण गोगलगायीच्या शंखासारख्या घरातला ब्लोअर उलटा फिरला, तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते. फक्त खूप कमी येते. हात लावून बघणारा म्हणतो, "वारा येतोय की." आवाज येतो, वारा येतो, मोटार गरम होत नाही, आणि ७ तासांची बॅच १२ तासांवर जाते.

पावसाळ्यात झाड पडून लाइन तुटते, जोडताना फेजांचा क्रम बदलतो, आणि हे होतं. कुडाळकडच्या एका युनिटात मी गेलो तेव्हा मालकाने बोलता बोलता सांगितलं की विहिरीचा पंपसुद्धा चार दिवस पाणी नीट चढवत नाही. तिथेच निदान झालं. दोन्ही मोटारी एकाच दिवशी आजारी पडल्या म्हणजे दोष मोटारींत नाही. ब्लोअरच्या घरावर बाण असतो. रंगाखाली, तेलाखाली गेलेला असेल तर खरवडून काढा. मोटार क्षणभर चालू करून बंद करा आणि पुली बाणाच्या दिशेने वळते का बघा. उलटी असेल तर वायरमन दोन वायरी बदलेल, पाच मिनिटं. कायमचा उपाय म्हणजे फेजचा क्रम चुकला की मोटार सुरूच न होऊ देणारा रिले.

दुसरं, पट्टा. पुलीच्या खाचेत पट्टा तळाला बसलेला आणि आतून चकचकीत दिसला की तो घसरतोय समजा. पंख्याचे फेरे १० टक्के कमी झाले तर हवा १० टक्क्यांनी कमी होते, पण पंख्याचा जोर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याचा दाब, १९ टक्क्यांनी पडतो. उलटंही खरं, म्हणून मोटारीवर मोठी पुली लावून हवा वाढवण्याच्या फंदात पडू नका. मोटारीवरचा भार फेऱ्यांच्या घनाने वाढतो. फेरे २० टक्के वाढवले तर भार ७० टक्क्यांहून जास्त वाढेल, आणि मोटार रिवाइंडिंगला जाईल.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर, असेल तर अँपिअर बघा, पण अर्थ नीट लावा. ब्लोअरच्या वाटेत काहीतरी तुंबलं की मोटार जास्त नाही, कमी अँपिअर घेते, कारण ती हवा ढकलतच नसते. "मोटार आता वीज कमी खाते" म्हणून खूश झालेले लोक मी पाहिलेत.

तुंबतं काय? काजूच्या सालीचा भुगा. तो भुशासारखा हलका, त्यात काजूचं तेल, त्यात कोकणातली दमट हवा. पंख्याच्या तोंडाच्या जाळीवर आणि हीटरच्या पत्र्यांवर त्याचं घोंगडं तयार होतं. किती तुंबलंय हे मोजायला महागडं यंत्र नको. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात फळीवर ठोका, अर्धी पाण्याने भरा. पाणी दिसावं म्हणून मी त्यात कोकमाचं आगळ टाकतो, डबा नेहमी जवळ असतोच. एक टोक जाळीच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. पंखा चालू केला की दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तो त्या जाळीने खाल्लेला दाब. जाळी धुतल्यावर किती मिलिमीटर आला तो आकडा भिंतीवर पेनाने लिहून ठेवा. पुढे कधी तो दुप्पट झाला की जाळी काढा आणि धुवा. कॅलेंडर बघून धुण्यापेक्षा हे बरं, कारण भुगा कॅलेंडर बघून साठत नाही.

आता वाटणी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपली समजूत उलटी पडते.

सुपारीच्या बागेत पाटाने शिंपणं ज्याने केलंय त्याला वाटतं की हवा पाण्यासारखी चालत असेल: पाटाच्या तोंडाशी असलेली पहिली आळी तुडुंब, शेवटची कोरडी. म्हणून पंख्याजवळच्या ट्रेंना जास्त हवा आणि लांबच्यांना कमी, असं धरून लोक जवळची भोकं बुजवतात. पण पंख्याच्या तोंडाशी हवा इतक्या वेगात असते की आडव्या भोकात वळायला तिला फुरसत नसते. ती सरळ धावत जाते, शेवटच्या बंद भिंतीशी थांबते, तिथे दाब साठतो आणि शेवटच्या भोकांतून जास्त हवा सुटते. एसटी स्टँडवर न थांबता शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना उतरवते, तसं काहीतरी. त्यामुळे पंख्याजवळचे ट्रे उपाशी आणि लांबचे करपलेले, असा नकाशा आला तर गोंधळू नका. कधी पाटासारखं होतं, कधी त्याच्या उलट. ते हवेच्या वेगावर आणि पंखा ज्यात हवा सोडतो त्या भोकांच्या पत्र्यामागच्या कप्प्याच्या रुंदीवर ठरतं. अंदाज नको, दोरे बघा.

याच्यावरचा उपाय ड्रायर बनवणाऱ्याने आधीच करून दिलेला असतो: तो भोकांचा पत्रा. झाडांना पाणी घालायची झारी आठवा. तिच्या चाळणीच्या मधल्या भोकातून आणि कडेच्या भोकातून धार जवळपास सारखीच पडते, कारण भोकं बारीक असतात. आत पाणी कसंही हिंदकळो, बाहेर पडायला सगळ्यांनाच सारखी धडपड करावी लागते. चाळणी काढली की सगळं पाणी एकाच बाजूने भदकन पडतं. ड्रायरचा पत्रा तेच करतो. तो मुद्दाम अडथळा आणतो, आणि तो अडथळा कप्प्यातल्या दाबाच्या चढउतारापेक्षा मोठा असला की प्रत्येक भोकाला सारखी हवा मिळते. "हा पत्रा वारा अडवतो" असं म्हणून तो काढून टाकणारे लोक वारा मोकळा करत नाहीत, वाटणी मोडतात.

तसंच मोकळ्या जागांचं. हवा आळशी असते. गराच्या थरावरून घासत जाण्यापेक्षा ट्रॉली आणि भिंत यांच्यामधल्या तीन बोटांच्या फटीतून जाणं तिला परवडतं. ट्रॉलीच्या वरची, खालची आणि कडेची फट पत्र्याची किंवा उष्णता सोसणाऱ्या रबराची पट्टी लावून बंद केली तर काही युनिटांत दुसरं काही करावंच लागत नाही. माल कमी असेल तेव्हा अर्धे ट्रे गच्च आणि अर्धी ट्रॉली रिकामी ठेवू नका. तोच माल सगळ्या ट्रेंत पातळ पसरा. आणि गर ट्रेच्या काठाच्या वर रास करून भरले की दोन ट्रेंमधली हवेची वाट बुजते. अर्थात, मालाची घाई असताना हे कुणी ऐकत नाही, हेही मला माहीत आहे.

पावसाळ्यातली सगळ्यात मोठी चूक एक्झॉस्टची. बाहेर मुसळधार पाऊस, भिंतींना ओल आलेली, अशात "ओली हवा आत कशाला घ्यायची" म्हणून लोक ताज्या हवेची खिडकी आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद करतात. हिशेब करून बघा. बाहेरची हवा ३० अंश आणि ९० टक्के दमट आहे. तीच हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास येते. जानेवारीतली २५ अंशांची, ६० टक्के दमट हवा तापवली तर ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पावसातली हवा हिवाळ्यातल्या हवेच्या तोडीची नाही, पण १५ टक्के म्हणजेही चांगली तहानलेली हवा. बॅच थोडी लांबेल, अडणार नाही. उलट एक्झॉस्ट बंद केलात तर ते ६ लिटर पाणी जाणार कुठे? आतल्या आत फिरत राहतं, हवा तृप्त होते, आणि तापमान ६५ दाखवत असूनही गर तसेच.

तपासायला सोपं आहे. बॅच लावून तासभर झाला की स्वयंपाकघरातलं कोरडं स्टीलचं ताट, फ्रिजमधलं नाही, नेहमीचं, एक्झॉस्टच्या तोंडाशी धरा. त्यावर झटकन दव धरलं तर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही ओली आहे, एक्झॉस्ट आणखी उघडा. शेवटच्या दोन तासांत गरातून पाणी फारसं येत नाही, तेव्हा तो थोडा मिटला तर वीज वाचते. सगळा वेळ पूर्ण उघडा ठेवणं म्हणजे गरम हवा आकाशाला वाटणं.

आणि "उघडा आहे" यावर विश्वास ठेवू नका. खाडीकाठच्या युनिटांत खारा वारा लोखंड खातो. एक्झॉस्ट उघडायच्या-मिटायच्या झडपेची, म्हणजे डँपरची, मूठ बाहेर असते, पान आत. मधला दांडा गंजून पानापासून सुटला की मूठ छान फिरते, "उघडा" या खुणेवर येते, आणि पान आत बंदच राहतं. बॅटरीच्या उजेडात पान हलताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. सेन्सरचंही तसंच: पडद्यावरचा आकडा एका ठिकाणचा असतो. सहा साधे थर्मामीटर कपाटात वर-खाली, पुढे-मागे ठेवा. सहाही ५ अंशांच्या आत आले की मी काम झालं समजतो.

हीटरऐवजी टरफलं जाळून हवा तापवणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. तिथे आगीचा धूर नळ्यांच्या एका बाजूने आणि ड्रायरची हवा दुसऱ्या बाजूने जाते. नळी गंजून भोक पडलं आणि पंखा नळ्यांवरून हवा ओढणारा असेल, तर तो त्या भोकातून धूरही ओढतो. गराला कडवट वास लागतो तो त्याचाच. माल जातो ते सोडा, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. असा वास आला तर भट्टी विझवा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, मग दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि विजेच्या ड्रायरमध्ये पंखा बंद पडला की हीटर आपोआप बंद करणारा स्विच असतो, तो "सारखा ट्रिप होतो" म्हणून वायर मारून बाजूला काढू नका. तो ट्रिप होतो म्हणजे तो सांगतोय की हवा नाही.

सुरुवातीला ज्या फोनचं सांगितलं, तसा या श्रावणातला एक फोन वेंगुर्ल्याकडचा होता. गेलो. पंखा सुलटा, पट्टा ठीक. एक्झॉस्टची मूठ फिरत होती, पान मिटलेलं. वेल्डिंगवाल्याने दांडा बदलून दिला. तरी वर क, खाली ओ. ट्रॉली बाहेर ओढून आत डोकं घातलं तर भोकांच्या पत्र्याच्या जागी चार बोल्टांची रिकामी भोकं. मालक आठवायला लागला. मे महिन्यात साफसफाईला काढला होता, परत बसवायचा राहिला. शोधाशोध झाली, शेवटी त्याच्या आईने मागच्या पडवीतून आणून दिला. तिने तो उन्हात कोकमाची सोलं सुकवायला घेतला होता. "ह्येच्यावर बरी सुकतत, खालसून वारो लागता," ती म्हणाली. आम्ही तो धुऊन बसवला, पण भोकांच्या कडांचा लाल रंग काही गेला नाही.